सवयीचा रकाना

यंदाही एप्रिल अर्धा सरला आणि मोबाइलवर तो संदेश आला. उष्णतेची लाट आहे, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. मी भट्टीवर गेले होते, तिथंच तो आईला वाचून दाखवला. कढईत दूध ढवळणारा सराटा जराही न थांबवता आईनं विचारलं, "आन् दुधाला बी धाडलाय का ह्यो मेसेज? त्येला म्हणावं, चारपातूर नासू नगंस."

आमची खव्याची भट्टी आहे. भूम तालुक्यात, ईटच्या शिवारात, रस्त्याला लागून. सकाळी आसपासच्या वस्त्यांवरून दूध येतं आणि आल्या आल्या कढईत पडतं. थंडीत एखादी घागर तासभर थांबली तरी बिघडत नाही, उन्हाळ्यात दूध कुणाचंच ऐकत नाही. त्यात लग्नसराई. पेढा, गुलाबजाम, बासुंदी, सगळ्यांना खवा याच दिवसांत हवा असतो. म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त आग ज्या दिवसांत आभाळातून पडते, त्याच दिवसांत आम्ही खालूनही सगळ्यात जास्त आग लावतो. असला उफराटा धंदा आहे.

माझ्या लहानपणीचा उन्हाळा म्हणजे बाभळीच्या लाकडांचा धूर आणि आटत आलेल्या दुधाचा जड, गोडसर वास. तो वास केसांत बसायचा, पुस्तकांत बसायचा. शाळेत बाकावरच्या पोरी म्हणायच्या, तुझ्या वहीला पेढ्याचा वास येतो. दुपार चढली की डोक्यावरचे पत्रे तडतडायला लागायचे, कुणीतरी वर चालत असल्यासारखे. बाहेर माळ पिवळाजर्द, मेंढरंवाले केव्हाच मेंढरं घेऊन खाली पाण्याच्या मुलखात गेलेले, कडुनिंबाखाली कुत्रं जीभ काढून पडलेलं. आणि आत आई. डोक्यावरून पदर, पदराचं टोक दातात, तोंड तांबडंलाल, हात गोल गोल फिरतोय. खवा बुडाला लागू द्यायचा नसतो, म्हणून हात थांबवता येत नाही. ती कधी "उकडतंय" म्हणाली नाही. मी कधीच ऐकलं नाही.

उन्हाळा आला की मला दुसराही एक उन्हाळा आठवतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर मी जर्मनीत काढलेला. पुण्याच्या कॉलेजातून माझी निवड झाली होती, शिष्यवृत्ती होती, आणि विषय होता उष्णता आणि इमारती. गावात बातमी पसरली तेव्हा शेजारच्या मामी म्हणाल्या, "उन्हाळ्याचं शिकायला थंड मुलखात कशाला जायचं? हितं काय कमी हाय का?" मामींचं बरोबर होतं. पण जायचं तर होतंच.

तिथला उन्हाळा म्हणजे सण. ऊन पडलं की गाव रिकामं आणि नदीकाठ भरलेला. म्हातारी माणसं सदरे काढून गवतावर आडवी, पोरं पाण्यात, प्रत्येकाच्या हातात आइस्क्रीम. आमच्याकडे ऊन लागतं, ऊन बाधतं, ऊन मारतं. ऊन खातो ते आम्ही फक्त थंडीत, भिंतीला टेकून. इथं भर जूनमध्ये माणसं उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसलेली बघून पहिले काही दिवस मला त्यांची काळजीच वाटायची. मी आपली तोंडाला स्कार्फ बांधून, सावली बघून, भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. लोक वळून बघायचे. बघेनात का. मी काही स्कार्फ सोडला नाही.

तिथं प्रत्येक गटानं कामाची एक खरीखुरी जागा निवडायची होती आणि तिचं छप्पर, तिची हवा नव्यानं आखायची होती. मी आमची भट्टी सुचवली. फोटो दाखवले: कढई, धुराडं, पत्र्याचं शेड, पदर दातात धरलेली आई. गटाला ती जागा एकदम पसंत पडली. आमच्या गटाची पुढारी लेना म्हणून मुलगी होती. उंच, झपाट्यानं चालणारी, कागदावर रेघ मारली की ती पट्टीशिवाय सरळ यायची. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं कुणाची तरी जुनी सायकल आणून मला दिली होती. स्वभावानं भली. हे आधीच सांगते, कारण पुढं मी तिच्याशी भांडले आहे.

शेडची मापं हवी होती. मी आप्पांना फोन केला. आप्पा, म्हणजे माझे वडील, भूमच्या एसटी डेपोत कंडक्टर होते. घरची टेप सुतारानं नेलेली, ती काही परत आली नव्हती. आप्पा म्हणाले, "टेप कशाला लागती? हात हाय की." सुट्टीच्या दिवशी त्यांनी हातानं लांबी मोजली आणि सांगितली. मी व्हिडिओवर त्यांच्या हाताशेजारी माझी जुनी शाळेची पट्टी धरायला लावली, माप घेतलं आणि त्याचे मीटर केले. राहिलेल्या बाजू दुसऱ्या दिवशी फोनवरूनच कळल्या. लेनानं आकृती काढायला घेतली, तर शेड काही केल्या बंद होईना. एक भिंत समोरच्या भिंतीपेक्षा लांब. तिनं बराच वेळ कागद फिरवून बघितला आणि गंभीरपणे मला विचारलं, "तुमच्याकडे शेड मुद्दाम तिरकी बांधतात का? वाऱ्यासाठी?"

हो म्हणून टाकावं असं क्षणभर फार वाटलं. फोन केला तेव्हा आप्पा हसायला लागले. "आगं, म्या ड्युटीवर गेल्तो. ती भित तुझ्या आईनं मोजली. तिचा हात आखूड हाय." मागून आईचा आवाज आला, "आखूड आसंना का. कढई ह्योच हात हालवतो." मी हे लेनाला सांगितलं, तर तीही पोट धरून हसली. मग आकृतीच्या कोपऱ्यात तिनं दोन हात काढले, एक लांब, एक आखूड. ते हात शेवटपर्यंत त्या कागदावर होते.

हसणं तिथवर. पुढं आला तक्ता. गरम जागी काम करणाऱ्या माणसाला किती उष्णता चालते, याचे तक्ते असतात. नुसतं तापमान नाही, हवेतला ओलावा, आगीची धग, सगळं धरून काढलेला आकडा. त्या तक्त्यात दोन रकाने होते. एक, उष्णतेला सरावलेल्या माणसांचा. दुसरा, न सरावलेल्यांचा. सरावलेल्यांच्या रकान्यातले आकडे मोठे. म्हणजे त्यांना जास्त उष्णता चालते. लेनानं सहजपणे पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. भट्टीवरची बाई वर्षानुवर्षं तिथं बसते आहे, तेव्हा ती सरावलेलीच. तो आकडा धरला की काम सोपं झालं. आहे तेच छप्पर, एका कोपऱ्यात वारा जायला झरोका, बस. मला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. तक्ता खरा होता. शरीर सरावतं, हे विज्ञान आहे. घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, काळीज कमी धडधडतं. हे सगळं मी वाचलं होतं आणि आईकडे बघून मला ते पटतही होतं.

मग जुलैत तिथं खरंखुरं ऊन पडलं. आमची प्रयोगशाळा सगळ्यात वरच्या मजल्यावर. ती थंडीत ऊब धरून ठेवायला बांधलेली इमारत, पंखा म्हणून नाही. लोक भिंतींना गाल लावून उभे राहायचे. आणि ज्याला त्याला माझी आठवण यायची. वाचनालयातली बाई, पावाच्या दुकानातला माणूस, गटातली पोरं, सगळी एकच वाक्य बोलायची. "तुला काय, तुला तर सवय असेल."

माझी पाठ घामानं भिजलेली असायची. मी ईटची आहे म्हणजे माझ्या अंगात कूलर बसवलेला नाही. मलाही उकडतं. मला नेहमीच उकडत आलं आहे. फक्त मला ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

एका दुपारी आमच्या प्राध्यापक बाई आत आल्या. पांढरे कापलेले केस, बारीक चण, बोलणं मोजकं. टेबलावर आमचं उष्णता मोजायचं उपकरण चालू होतं, एक काळा पोकळ गोळा आणि शेजारी ओल्या वातीचा थर्मामीटर. त्यांनी त्यावरचा आकडा वाचला, मान हलवली आणि म्हणाल्या, "एवढ्या उष्णतेत मी कुणाला काम करायला लावणार नाही. जा सगळे नदीवर." पोरांनी आरोळीच ठोकली. पिशव्या उचलल्या गेल्या, जिन्यावर धडधड झाली.

मी तो आकडा वाचला. मग आमची आकृती उलगडून बघितली. आमच्या नव्या आखणीत, झरोका वगैरे सगळं झाल्यावर, आई ज्या उष्णतेत दिवसभर बसेल असं आम्ही मान्य केलं होतं, तो आकडा यापेक्षा मोठा होता. ज्या उष्णतेत आम्हाला सुट्टी मिळाली होती, तिच्याहून जास्त उष्णता आम्ही माझ्या आईसाठी योग्य ठरवली होती. पहिल्यांदा मला हसू आलं. मग राग आला.

लेना दारात थांबली होती. तिला म्हटलं, हे बघ. तिनं बघितलं.

"पण ती सरावलेली आहे," ती म्हणाली. "आपण नाही."

"कशानं सरावली? हौसेनं?"

"कशानं का असेना. शरीराला ते जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. गरज नसताना जास्त बांधणं हे वाईट इंजिनिअरिंग आहे."

"ते तिच्या शरीरानं कमावलं आहे, लेना. त्यातलं छपरानं का खावं?"

तिनं पुन्हा कागदाकडे बघितलं. मग खरंच न कळून म्हणाली, "छप्पर काय खाणार?" मी तिला समजावू शकले नाही. आजही चार ओळींत समजावता येईल असं वाटत नाही. पण माझ्यापुरतं मला तेव्हाच लख्ख कळलं. माणूस सोसायला शिकतो ते जगण्यासाठी. त्याच्या सोसण्याकडे बघून दुसऱ्यानं आपलं काम कमी करून घ्यायचं, ही चोरी आहे. ती तक्त्यात छापलेली असली तरी चोरीच.

मी प्राध्यापक बाईंकडे गेले. म्हटलं, मी दुसऱ्या रकान्याचा आकडा धरणार. त्या म्हणाल्या, तक्त्याप्रमाणे पहिला रकाना चूक नाही, आणि कमीत कमी साहित्य हा मूल्यमापनाचा निकष आहे, तुझे गुण जातील. मी म्हटलं, जाऊ देत. त्यांनी मला वेगळी आखणी करायची परवानगी दिली. शेवटच्या दिवशी एकाच शेडच्या दोन आकृत्या भिंतीवर लागल्या. लेनाच्या आकृतीचं कौतुक झालं, आणि ती होतीही सुरेख. माझ्या छपराला शेरा मिळाला की गरजेपेक्षा जास्त. गुण गेले. निरोप घेताना लेनानं मला मिठी मारली आणि म्हणाली, "अजूनही माझंच बरोबर आहे." मी म्हटलं, "अजूनही माझं." आम्ही आजही एकमेकींना वाढदिवसाला फोन करतो आणि या मुद्द्यावर एक इंचही सरकलेलो नाही.

तेव्हापासून 'सवय' हा शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं, आणि तो फार येतो. वीज दुपारची जाते, तिकडच्या लोकांना सवय आहे. टँकर उशिरा येतो, सवय आहे. एसटी आलीच नाही, मग काय, सवय आहे. पुण्याच्या होस्टेलवर माझ्या खोलीतल्या मुली नळाला पाणी नसलं की रडकुंडीला यायच्या आणि मला म्हणायच्या, तुझं बरं आहे. जणू धाराशिव जिल्हा म्हणजे सोसायचं प्रशिक्षण देणारं शिबिर आहे आणि आम्ही तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडतो. पण याहून जास्त राग मला घरातल्या सवयीचा येतो. नवी सून चुलीपुढं गुदमरली की म्हणायचं, होईल सवय. आणि एखादी जन्मभर गुदमरली, तरी बोलली नाही, की तिला मान द्यायचा, लई सोशीक बाई. माझ्या आईला सगळं गाव सोशीक म्हणायचं. समोर म्हणायचं, आणि तिला ते आवडायचं.

म्हणून खरी लढाई जर्मनीत झालीच नाही. ती ईटला झाली. परत आले, पावसाळा-हिवाळा गेला, आणि पुढचा उन्हाळा लागताच घरी जाऊन आईला आकृती दाखवली. छप्पर उचलायचं, माथ्याला लांबच्या लांब फट ठेवून तिच्यावर दुसरं लहान छप्पर घालायचं, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. पत्र्यांना वरून चुना. आणि भट्टीचं तोंड भिंतीच्या पलीकडे न्यायचं, लाकडं बाहेरून घालायची, म्हणजे बसणारीच्या अंगावर धग येणार नाही. आईनं कागदाकडं बघितलंही नाही.

"काय नगं. चांगलं हाय त्ये ऱ्हाऊ दे."

"अगं, पण तुला त्रास होतो."

"मला? मला काय हुतंय? समदा जलम हितं गेला. मला सवय हाय."

लेनाचा तक्ता परवडला. त्याच्याशी भांडता येत होतं. इथं ज्या बाईसाठी मी गुण घालवून आले होते, तीच पहिल्या रकान्यात पाय रोवून उभी होती, आणि वर तो तिला तिचा मान वाटत होता. आप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती ऐकायची न्हाय. दुधासाठी करतोय म्हणून सांग, खवा चांगला उतरतोय म्हणावं. मग करू दील." मला ते करता आलं असतं. आईनं लगेच मानलं असतं, कारण दुधासाठी काहीही करायला ती तयार असते. पण मी नाही म्हणाले. दुधाच्या नावावर तिला सावली द्यायची नव्हती. तिला तिच्या नावावर द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध यायच्या आत, मी शिडी लावून वर चढले आणि कढईच्या बरोबर वरच्या पत्र्याचे बोल्ट सोडायला लागले. आई खालून ओरडत होती. "खाली उतर! येडी का खुळी? परदेशातनं ह्येच शिकून आलीस व्हय? आवो, बघा की तिच्याकडं!" आप्पा बघत होते. बघता बघता त्यांनी शिडी धरली. पत्रा निघाला, खाली टाकला, मोठा आवाज झाला. वर बोडकं आभाळ. आता मागं फिरायची सोय उरली नव्हती. त्या दिवशी आईनं त्याच उघड्या आभाळाखाली खवा काढला. धूर आणि तापलेली हवा त्या भोकातून सरळ वर निघून जात होती. ती अधूनमधून मान वर करून बघायची आणि मी बघतेय असं दिसलं की मान खाली घालायची.

छप्पर झालं. एकदम नाही, त्या उन्हाळ्यात थोडं, पुढच्या उन्हाळ्यात थोडं. मी आता धाराशिवला राहते आणि असलीच कामं करते, लहान धंद्यांची छपरं, भट्ट्या, गोठे. लोक विचारतात, परदेशात जाऊन आलीस, मग परत कशाला आलीस? काहीजण तर अशा सुरात विचारतात, जणू मी तिथं नापास झाले असावे. मी म्हणते, इथं उकडतं म्हणून आले. त्यांना ती चेष्टा वाटते. कामाच्या जागी मालक हमखास म्हणतो, "मॅडम, बायांना सवय आहे." मी म्हणते, मग एक कढई उतरेपर्यंत तुम्ही इथं बसा, मी तोवर मापं घेते. बहुतेकांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन येतो.

आईनं मात्र नव्या छपराबद्दल चांगला शब्द काढला नाही. बरं वाटतं का, असं विचारलं की म्हणायची, "बरं काय आन् वाईट काय." मीही विचारायचं सोडून दिलं. इतकी वर्षं सोसलेल्या बाईनं बरं वाटतंय म्हणायचं म्हणजे आधी वाईट वाटत होतं हे कबूल करायचं. ते तिनं का करावं, असं मी स्वतःला समजावलं.

मागच्या आठवड्यात तेरखेड्याला नात्यातलं लग्न होतं. भर दुपारचा मुहूर्त, पत्र्याचं मंगल कार्यालय, बाहेर फटाक्यांच्या माळांवर माळा. पुरुषांच्या बाजूला मोठाले कूलर लावलेले, समोर सोफे, सोफ्यांवर फेटे. बायकांच्या बाजूला सतरंजी आणि वर दोन पंखे, त्यातला एक बंद. पोरं किरकिरत होती, बायका पदरानं वारा घेत होत्या, हळदीकुंकवाचं ताट फिरत होतं. मी आईशेजारी बसले होते. मंगलाष्टकं संपली, टाळ्या झाल्या, आणि आई उठली. मला वाटलं जेवायला निघाली. ती सरळ मधल्या वाटेनं पलीकडे गेली आणि वरबापापुढं उभी राहिली.

"पाव्हणं, तिकडं बायकास्नी लई उकडतंय. मला बी उकडतंय. त्यो कूलर हिकडं फिरवा."

मी तिच्या तोंडून तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि तोही भरल्या मांडवात. वरबाप हसले. चांगला माणूस, चेष्टेनंच म्हणाले, "अवो वैनी, तुमी तर भट्टीवाल्या. तुमाला कसलं उकडतंय? तुमाला सवय हाय की!"

"व्हती," आई म्हणाली. "सोडली."

आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता तिनं दोन्ही हातांनी कूलर धरला, चाकांवरून ढकलत वाटेच्या मध्यापर्यंत आणला आणि बायकांकडे तोंड करून उभा केला. सोफ्यावरचे दोन-तीन फेटे चपापून उठले आणि परत बसले. इकडे गार वारा आला आणि पदर उडाले. आई परत येऊन माझ्या शेजारी बसली, कपाळ पुसलं. आमच्या मागच्या रांगेत एक म्हातारी होती, तोवर एक अक्षर न बोललेली. ती पुढं वाकून आईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बाय, आजून जरा हिकडं घ्याया सांग की."